दहाच पोरं आहेत, पथक होतंय का?

गेल्या अंकात ट्रिस्टन डा कुन्हा नावाच्या बेटावर लिहिलं होतं. दक्षिण अटलांटिकच्या मधोमध समुद्रातनं वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर, उंची २००० मीटरच्या वर, पायथ्याला एकच गाव, माणसं अडीचशेच्या आसपास, विमानतळ नाय, केपटाऊनवरनं निघालं की आठवडाभर नुसतं पाणी. त्यात ओघात एक वाक्य होतं की १९२२ साली तिथं स्काऊटचं पथक होतं. झालं, बाकीचा लेख राहिला बाजूला आणि पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. कोल्हापूरकरांना बेटाचं काय एवढं पडलंय म्हणून बघितलं तर निम्म्या लोकांना बेटाचं नाही, आपल्या गल्लीचं नायतर वाडीचंच विचारायचं होतं. तर ह्या खेपेचं सदर सगळं स्काऊटवर. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

कसबा बावडा, एक रिटायर वाचक: सर, अडीचशे माणसांच्या गावात स्काऊटला पोरं येणार कुठनं? आमच्या शाळेत दीड हजार पोरं होती तरी मास्तर कॉलर धरून नावं घालायचे. आणि तिथं झेंडा-बिंडा नेला कोणी? सविस्तर सांगा.

काका, झेंड्यापासनं सुरू करतो कारण ती गोष्टच लई भारी आहे. अंटार्क्टिकावाला अर्नेस्ट शॅकल्टन १९२१ मध्ये शेवटच्या मोहिमेला निघाला, बोटीचं नाव क्वेस्ट, आणि निघायच्या आधी जाहीर झालं की बरोबर एक स्काऊट न्यायचाय. अर्ज आले साधारण १७००. त्यातली दहा पोरं शॅकल्टननं स्वतः समोर बसवून पारखली आणि एकाच्या जागी दोघं घेतली, ॲबर्डीनचा जेम्स मार आणि ऑर्कनी बेटांवरचा नॉर्मन मूनी. आता नशीब बघा, मूनी बेटावर वाढलेला पोरगा, पण त्यालाच बोट अशी लागली की वाटेतल्या मदेरा बेटावरच उतरून घरी परत जायला लागलं, आणि मार टिकला. पडेल ते काम केलं त्यानं. ५ जानेवारी १९२२ ला साऊथ जॉर्जिया बेटावर शॅकल्टन हार्ट अटॅकनं गेला, मग फ्रँक वाइल्डनं मोहीम हातात घेतली आणि परतीच्या वाटेवर मे महिन्यात क्वेस्ट ट्रिस्टनला लागली, तिथं मारनं स्काऊट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलकडनं आणलेला झेंडा तिथल्या पथकाच्या हातात दिला. काळ डोळ्यासमोर यावा म्हणून सांगतो, आपल्याकडं त्याच महिन्यात ६ तारखेला शाहू महाराज गेले. तेव्हा ट्रिस्टनची वस्ती आजच्यापेक्षाही कमी होती. मार पुढं समुद्री जीवशास्त्रज्ञ झाला, देवमासे खातात त्या क्रिलवर काम केलं, परत अंटार्क्टिकाला गेला, ते जाऊ द्या, तो वेगळाच विषय.

आता पोरं येणार कुठनं. काका, लागतात किती ते आधी बघू. जगातला पहिला स्काऊट कॅम्पच मुळात बेटावर झालाय, ब्राऊनसी नावाचं बेट, इंग्लंडच्या दक्षिणेला पूल बंदराच्या आत, साधारण ५०० एकर, म्हणजे एखाद्या मोठ्या गावाचं शिवारसुद्धा त्याच्यापेक्षा मोठं असतं. ऑगस्ट १९०७. बेडन-पॉवेल तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या लढाईत मॅफेकिंगच्या वेढ्यामुळं इंग्लंडभर गाजलेला, जाईल तिथं पेपरवाले मागं, आणि लहानपणी भावांबरोबर तो ह्या बेटावर येऊन गेलेला, त्यामुळं जागा ठरली. पोरं किती नेली? २०. पाच-पाचचे चार पॅट्रोल म्हणजे टोळ्या, लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू म्हणजे तो लांब वाकड्या चोचीचा पाणपक्षी. खांद्यावर रंगीत फीत, लांडग्यांना निळी, बैलांना हिरवी, डोमकावळ्यांना तांबडी, कर्ल्यूंना पिवळी. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते फीचं गणित. बड्या बोर्डिंग शाळांतल्या पोरांना एक पौंड आणि गावातल्या कामकरी घरातल्या पोरांना साडेतीन शिलिंग. तेव्हा पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे सहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि दोघं एकाच पॅट्रोलमध्ये, ताटाला ताट लावून. पुढच्या वर्षी म्हणजे १९०८ ला बेडन-पॉवेलचं स्काऊटवरचं पुस्तक निघालं, ते पण पंधरवड्याला एक भाग असं हप्त्याहप्त्यानं, आणि मग ते लोण कुणाच्या आवरण्यात राहिलं नाही.

तुमच्या मास्तरांना कॉलर धरायला लागायची कारण दीड हजारांतल्या ३२ पोरांना खाकी शर्ट घालून शनिवारी लाईनीत उभं करायचं होतं, बाकी काम काहीच नव्हतं. पाच पोरांच्या पॅट्रोलमध्ये एक पाणी आणतो, एक चूल पेटवतो, एक तंबूचे खुंटे ठोकतो, एक भात शिजवतो आणि पाचवा सगळ्यांच्या नावानं बोंबलतो, तोच लीडर. रिकामं कोण बसलंच नाही तर कॉलर धरायची वेळ कशाला येते?

शिरोळ तालुका, एक शिक्षक: सर, आमच्या गावाला पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणी लागतं, रस्ता बुडला की तीन-चार दिवस गावाचं बेटच होतं. १० ते १४ वयाची पोरं दहा आणि पोरी सात, संपलं. एवढ्यात पथक होतंय का? आणि पूर आला की ह्या पोरांना खरंच काय काम देता येतं का नुसतं स्कार्फ घालून फोटोपुरतं?

गुरुजी, पहिल्यांदा कागदाचं. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये पॅट्रोल धरतात ६ ते ८ चा. म्हणजे दहा पोरांत एक पॅट्रोल धड होतो आणि वर दोन-चार उरतात, त्यापेक्षा पाच-पाचचे दोन करा असं माझं मत, दोन असले की चुरस लागते, ब्राऊनसीलाही पाचच होते. नोंदणीला कमीत कमी किती लागतात ते जिल्हा स्काऊट गाईड ऑफिसला जाऊन विचारा, फोनवर विचारू नका, फोनवर कुणीही नाहीच म्हणतं. तुमचा बेसिक कोर्स झाला नसेल तर तो आधी करायला लागेल. पोरींचं युनिट वेगळं, गाईड कंपनी, आणि तिला गाईडर बाईच पाहिजे. बाई शिक्षिका नसतील तर गावातली एखादी शिकलेली सून तयार होते का बघा, लई वेळा त्याच जास्त चांगलं चालवतात. सात पोरी म्हणजे अख्खा पॅट्रोल आहे, त्यांना पोरांच्या मागं झेंडा धरायला उभं करू नका. १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा झाला तेव्हा पोरी बोलावल्या नसताना स्वतःच गणवेश करून आल्या होत्या, त्यातनं पुढं गाईड निघालं, आणि आपल्या देशात तर १९११ ला जबलपूरला सुरू झालं.

आता पूर. सगळ्यात आधी, कुणी कितीही म्हणू दे, पोरगं पाण्यात उतरणार नाही आणि नावेत बसून मदतीला जाणार नाही. आपल्याकडची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, आठवीपर्यंत मुरलेली असतात आणि त्यांना वाटतं पुराचं पाणी म्हणजे मोठी विहीर. ४ ऑगस्ट १९१२ ला इंग्लंडमध्ये लेसडाऊनजवळ लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या स्काऊटांची बोट अचानक आलेल्या वाऱ्यानं उलटली, नऊ पोरं बुडाली. शिकवलेली पोरं होती, बरोबर मोठी माणसं होती, उन्हाळ्याचे दिवस होते. तेव्हा नावेचं काम एनडीआरएफनं आणि तुमच्या गावातल्या पट्टीच्या माणसांनी करावं.

मग पोरांनी करायचं काय? लई काही आहे, पण ते पूर यायच्या आधीचं आहे, आणि इथंच सगळी गडबड होते कारण जूनमध्ये कुणाला पूर आठवत नाही.

एक म्हणजे पाण्याची खूण. आपण सगळे राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघत बसतो, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, २०१९ ला ५५ च्या वर गेलं आणि २०२१ ला ५६ च्या वर. पण तुमच्या शिरोळ भागाला तो आकडा जशास तसा लागत नाही, तुमच्याकडं नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकायलाच तयार नसतं, ते मागं फुगतं. म्हणून गावाचा स्वतःचा खांब पाहिजे. मे महिन्यात देवळाच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर, रस्त्याच्या सखल जागी असलेल्या लाईटच्या खांबावर (वायरमनला विचारून) पांढऱ्या ऑइल पेंटनं फुटाफुटाला पट्टे मारून घ्या, आकडे मोठे, लांबनं दिसतील असे. जुन्या माणसांना विचारून २०१९ ला पाणी कुठंवर होतं आणि २०२१ ला कुठंवर, ती रेघ लाल. मग पाऊस लागला की सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सात, दोन पोरं आणि एक मोठा माणूस, कोरड्या जागेवरनं बघून वहीत लिहायचं. एका तासाला किती चढतंय हे ज्या गावाला कळतं ते गाव वेळेत हलतं. सरपंचांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभर फॉरवर्ड येतात, त्यात आपल्या गावाचा खरा आकडा एक पण नसतो. तो तुमची पोरं देतील.

दुसरं, घरांची वही. प्रत्येक पॅट्रोलला ठरलेल्या गल्ल्या. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला इन्शुलिन लागतं, कोण डायलिसिसला जातं, कुणाची सून बाळंतपणाला आलीय, आणि जनावरं किती. शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा. माणसं घर सोडत नाहीत ती घरासाठी नाही, दावणीला म्हैस आहे म्हणून सोडत नाहीत, हे २०१९ ला सगळ्यांनी बघितलंय. जनावरं कुठल्या माळावर न्यायची, वैरण कुणाकडनं, हे आधी ठरलेलं असलं तर माणूस उठतो. ही वही पोरं भरतात तेव्हा म्हाताऱ्या खरं सांगतात, तलाठ्याला सांगत नाहीत.

तिसरं दोरी. दोरी जरा बैजवार सांगतो, कारण स्काऊटमध्ये गाठी शिकवतात त्या फळ्यावर टांगायला आणि मग पोरांना वाटतं गाठ म्हणजे क्राफ्टचा तास. दुकानातनं प्लास्टिकची दोरी घ्या, शेतात ट्रॅक्टरला वापरतो ती, १५-२० मीटर, बोटाएवढी जाड. तीच का तर ती पाण्यावर तरंगते, नायलॉनची बुडते आणि सुती भिजली की जड होते. टोकाला पाच लिटरचं तेलाचं रिकामं कॅन. कॅनात तांब्याभर पाणी ठेवा, अगदी रिकामं फेकलं तर वाऱ्यानं कुठंही जातं, थोडं वजन असलं की सरळ जातं. झाकण घट्ट. कॅनच्या कडीला बोलाईन मारायची. दोरीवर टोकापासनं हातभर सोडून एक छोटा फास करायचा, टोक कडीतनं घालून आणायचं, मग ते फासातनं खालनं वर काढायचं, मागच्या मोठ्या दोरीला वळसा द्यायचा आणि परत त्याच फासातनं खाली, मग ओढायचं. ही गाठ ताण आला तरी आवळत जात नाही आणि काम झालं की बोटानं सुटते, म्हणून कंबरेला बांधायला पण हीच. आता फेकताना दोरीचं मोकळं टोक पायाखाली, नाहीतर जोशात सगळीच दोरी जाते पाण्यात आणि आपण टाळ्या वाजवत उभे. दोरीची वेटोळी डाव्या हातात सैल, उजव्या हातानं कॅन खालनं वर झुलवून माणसाच्या डोक्याच्या पलीकडं टाकायचं, अंगावर नाही, म्हणजे दोरी त्याच्या खांद्यावर पडते. त्यानं धरली की आपण लगेच खाली बसायचं आणि बसूनच ओढायचं, उभं राहिलात तर तो तुम्हाला आत घेतो. शाळेच्या ग्राउंडवर चुन्याची रेघ मारा, पलीकडं एक पोरगं बसवा आणि दर शनिवारी हेच. पोरी ह्यात पोरांना हरवतात, ताकद कमी लागते आणि नेम जास्त.

पूर आल्यावर छावणीत पोरांना काम असतंच, बारक्या पोरांना खेळवणं, पिण्याच्या पाण्यात मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं औषध) टाकलंय का बघणं, कुणाचं औषध संपलंय ते वहीतनं काढून डॉक्टरांना सांगणं. फोटो काढले तर काढू देत की, त्यात काय वाईट आहे, दहा पोरांच्या पथकाचा फोटो पेपरात आला तर पुढच्या वर्षी पोरी पण दहा होतील.

आजरा तालुका, एक आई: आमची वाडी लहान, सगळी भावकीच. स्काऊटचे सर माझे चुलत दीर, त्यांचाच मुलगा पॅट्रोल लीडर, बॅज पहिला त्यालाच. माझा मुलगा घरी येऊन रडतो. मी बोलले तर भावकीत भांडण, नाही बोलले तर मुलाचं नुकसान. काय करू?

वहिनी, हे लहान गावाचं खरं दुखणं, आणि पोरं कमी आहेत ह्याच्यापेक्षा लई मोठं. ट्रिस्टनवर सगळ्या बेटाची आडनावं बोटांवर मोजायची, ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेटो, लाव्हारेलो. त्यातली शेवटची दोन इटालियन, १८९२ ला बोट फुटली आणि दोघं खलाशी तिथंच राहिले. म्हणजे तिथं मास्तर कुणीही झाला तरी तो कुणाचा तरी काका नायतर मामा असणारच, नातं टाळता येत नाही. टाळायचं ते एकट्यानं ठरवणं.

भावजींना दोन गोष्टी सुचवा, आणि तक्रार म्हणून नका सुचवू, मासिकात वाचलं म्हणून सांगा, माझ्यावर ढकला. पॅट्रोल लीडर सरांनी नेमायचा नाही, पॅट्रोलच्या पोरांना विचारून ठरवायचा, आणि काही महिन्यांनी बदलायचा. दुसरं, बॅजची परीक्षा आपल्या सरांनी आपल्या पोरांची घ्यायची नाही, शेजारच्या गावच्या सरांना बोलवायचं आणि आपण त्यांच्याकडं जायचं, एका दुपारचं काम आहे, चहाला दोन माणसं जास्त. ह्यात भावजींचीच सुटका आहे, कारण त्यांच्या पोराला बॅज मिळाला तरी उद्या कुणी म्हणणार नाही की बापानं दिला.

आणि तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. कॅम्पला, वर्गात, तंबूत, कुठंही एकटा मोठा माणूस आणि एकटं पोर असं बंद जागेत ठेवायचं नाही, कायम दोन मोठी माणसं. सख्खा काका असला तरी. लहान गावात 'आपलाच माणूस आहे' म्हणून हा नियम सगळ्यात आधी सोडतात, आणि हाच सोडायचा नसतो. ह्यात भावजींवर संशय नाही, सगळ्यांनाच लागू, मला पण.

पत्राच्या शेवटी खरी कमाईबद्दल, म्हणजे स्काऊटच्या पोरानं स्वतः काम करून पैसे मिळवायचे त्याबद्दल, लिहिलंय की घरनं ५० वडे करून द्यायला सांगितले. अहो सगळीकडं हेच चाललंय, आई पहाटे चारला उठून वडे तळते, पोरगं दहाला स्टॉलवर विकतं आणि वहीवर लिहितं, माझी खरी कमाई. कमाई आईची की. पोरानं शेजारच्यांची सायकल धुवावी, शेंगा फोडून द्याव्यात, गोठा झाडावा, दळण आणावं, आणि त्याचे दहा रुपये आणावेत. शेंगा फोडून बोटं दुखली की दहा रुपयांची किंमत कळते. वडे करू नका ह्या वर्षी.

शाहूपुरी, एक बाबा: मुलगा सातवीत, शाळेनं युनिट बंद केलं, सर रिटायर झाले आणि नवीन कोणी घ्यायला तयार नाही. ह्याला मात्र करायचंच आहे. एकट्यानं स्काऊट होता येतं का?

बाहेरच्या देशांत होता येतं, लोन स्काऊट म्हणतात. ऑस्ट्रेलियात, इंग्लंडमध्ये, जिथं मैलोनमैल दुसरं पोरगं नाही अशा शेतावरच्या आणि बेटावरच्या पोरांसाठी ते काढलं, अमेरिकेत १९१५ पासनं आहे. पोरगं घरी काम करतं, वही पाठवतं, लीडर पत्रातनं तपासून परत पाठवतो, आता इंटरनेटवरनं. पण साहेब, तुम्ही शाहूपुरीत राहता हो, समुद्रात नाही. आपल्याकडं शाळेबाहेरचं ओपन युनिट काढता येतं, ते बघा. गल्लीत, तालमीत, सोसायटीत सहा-आठ पोरं आणि एक जबाबदारी घेणारा माणूस एवढं जमवा. कोल्हापुरात गणपतीला वर्गणी मागायला एका हाकेत चाळीस पोरं येतात, आठ मिळणार नाहीत असं मला वाटत नाही. जबाबदारी घेणारा माणूस मिळत नाही म्हणालात तर आरशात बघा. पोराच्या हट्टापायी बाप स्काऊटमास्तर झाला असं लई ठिकाणी झालंय आणि ते मास्तर वाईट नसतात.

तोपर्यंत पोराला एक गोष्ट दाखवा. १९५७ ला इंग्लंडमध्ये सटन पार्कला जागतिक जांबोरी म्हणजे स्काऊटांचा मोठा मेळावा झाला, तिथं हॅम रेडिओवाले, म्हणजे छंद म्हणून लायसन्स काढून रेडिओवर बोलणारे, काही स्काऊट जमले आणि लेस मिचेल नावाच्या माणसानं डोकं चालवलं की घरी गेल्यावर पण रेडिओवर भेटू की. १९५८ पासनं ते दरवर्षी होतं, जांबोरी ऑन द एअर, आता ऑक्टोबरमध्ये, आणि जोडीला इंटरनेटवरची पण. लायसन्सवाल्या हॅम माणसाकडं पोराला त्या शनिवार-रविवारी घेऊन जा, शेजारी बसून ऐकू दे. आपल्या देशातले कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळखीची अक्षरं, व्हीयूनं सुरू होतात, ट्रिस्टनचा झेडडी९. तो लागेलच असं नाही, लागला तर हॅमवाले स्वतःच खुर्चीवरनं उठून नाचतात, पण खरखरीतनं कुठल्या तरी लांबच्या देशातलं पोरगं स्वतःच्या पथकाचं नाव सांगतंय हे एकदा ऐकलं की सातवीतल्या पोराला शाळेनं युनिट बंद केल्याचं एवढं वाटत नाही. लायसन्सची परीक्षा आपल्याकडं १२ वर्षं पूर्ण झाली की देता येते, म्हणजे तुमचा पोरगा बसू शकतो.

पन्हाळा, इयत्ता सहावी: काका, त्या बेटावर एकच गाव आहे तर ती मुलं कॅम्पला कुठं जातात? आणि स्काऊट डावा हात का मिळवतात?

वा, हा प्रश्न मोठ्या माणसांनी विचारायला पाहिजे होता. त्या गावापासनं तीनएक किलोमीटरवर बटाट्याची शेतं आहेत, पॅचेस म्हणतात, दगडी बांध घातलेले बारके बारके तुकडे, वाऱ्यापासनं रोपं वाचावीत म्हणून. तिथं लोकांनी छोट्या खोल्या बांधल्यात आणि सुट्टी लागली की अख्खं घर तिकडं राहायला जातं. म्हणजे सुट्टीला जायचं ते पण चालत पोचता येईल एवढ्यावरच, आणि समोर तोच डोंगर, बाजूला तोच समुद्र. तरी सुट्टी ती सुट्टीच. तू पन्हाळ्यावर राहतोस, तुझ्या घराजवळ लोक कोल्हापूर-सांगलीवरनं कॅम्पला येतात आणि तुला वाटत असणार ह्यात काय कॅम्प. तीन दरवाजाच्या खाली उतरून एकदा पथकाबरोबर रात्र काढून बघ, आपलाच गड खालनं बघितला की वेगळा दिसतो. पावसाळ्यात नको, पावसाळ्यात पावनखिंडीला जाणाऱ्या मोठ्या पोरांची गर्दी असते आणि जळवा असतात.

डाव्या हाताची गोष्ट अशी सांगतात की आफ्रिकेत अशांती लोकांच्या सरदारानं बेडन-पॉवेलला डावा हात पुढं केला, का तर डाव्या हातात ढाल असते, ती खाली ठेवून हात द्यायचा म्हणजे माझा तुझ्यावर विश्वास आहे. बेडन-पॉवेल १८९५-९६ मध्ये तिकडं फौजेबरोबर गेला होता. सरदार असं नेमकं बोलला का ते सोड, गोष्ट चांगली आहे, शेकोटीजवळ सांगायला घे.

गांधीनगर, एक आजोबा: नातू पाचवीत आहे. स्काऊट चांगलं की एनसीसी? नोकरीला काय उपयोगी पडतं?

आजोबा, एनसीसी १९४८ चं, संरक्षण खात्याचं, आणि पाचवीतल्या पोराला तिथं घेतच नाहीत, आठवी-नववीपर्यंत थांबायला लागतं. स्काऊटला दहाव्या वर्षापासनं घेतात, त्याच्या आधी बारक्या पोरांचं कब असतं. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातनं भरती होते हे खरं, पण त्याला राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जायला लागतं आणि तुमचा नातू अजून तंबूचा खुंटा उलटा ठोकायच्या वयाचा आहे. आत्ता त्याला स्काऊटला घाला, आठवीत गेला की त्यालाच विचारा.